डॉग हॉस्टेल, ४५ दिवसांचा कोर्स, ४२ हजार रुपये : एक स्टार, तोही गाडीवाल्या दादाला

नाव लिहिणार नाहीये. दीर वकील आहे, त्याने आधीच दम दिलाय. पण जागा कशी आहे, पैसे किती घेतात आणि आमच्या कुत्रीचं तिथे काय झालं हे लिहिणार, कारण मी शोधत होते तेव्हा मला सगळीकडे नुसते पाच स्टार आणि लाल बदाम दिसले होते आणि आता कळतंय की त्या लोकांनीही फक्त शेवटचा डेमो बघितला असणार. डेमो खरंच झकास असतो.

तर आमची खारी. इंडी, म्हणजे आपली देशी, वय दोन, रंग बेकरीतल्या खारीचा म्हणून खारी. भांडुप स्टेशनच्या बाहेर पावसात सापडली तेव्हा मुठीएवढी होती, अंगभर गोचीड, तिला कापडी पिशवीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (जनावरांच्या दवाखान्यात) नेलं होतं, तिथून जी घरी आली ती आता १९ किलोची बाई झालीये आणि सोफा तिचा आहे. स्वभावाने गरीब, माझ्या पोराच्या अंगावर झोपते. पण दोन भानगडी. एक म्हणजे लिफ्टचं दार उघडून समोर कुणी दिसलं की भुंकणार, आणि दुसरी म्हणजे डिलिव्हरीवाल्या पोरांवर तिचा काय जुना राग आहे देव जाणे, ती चौकोनी बॅग दिसली की लीश ओढून माझा खांदा उतरवायची. सोसायटीत तीन लेखी तक्रारी झाल्या. सेक्रेटरी तसे सभ्य, "वहिनी, काढून टाका म्हणत नाही मी, पण काहीतरी बघा" एवढंच म्हणाले. (१८३२ साली याच मुंबईत इंग्रजांनी रस्त्यावरची कुत्री मारायला काढली तर पारशी लोकांनी फोर्टात दंगल केली होती, हे मी मीटिंगमध्ये सांगणार होते, नवऱ्याने टेबलाखालून पाय दाबला.)

एप्रिलमध्ये आम्हाला देवरुखला पंधरा दिवस जायचं होतं, खारीला कुठे ठेवायचं हा प्रश्न होताच, आणि नेमकी तेव्हाच ही जाहिरात दिसली. बोर्ड अँड ट्रेन. म्हणजे कुत्रा ४५ दिवस त्यांच्याकडेच राहणार, कर्जतच्या पुढे फार्म, हिरवळ, स्विमिंग पूल, आणि परत येताना सिट, डाऊन, स्टे, हील सगळं शिकून. फोनवर सर म्हणाले, "मुलाला हॉस्टेलला घातलं की कसा सरळ होतो मॅडम, तसंच समजा." (ट्रेनरला सगळे सरच म्हणतात, मीही म्हणायला लागले.) ४२ हजार, सगळे आधी. त्यात राहणं, खाणं, ट्रेनिंग, घरून नेणं-आणणं सगळं आलं. एक अट होती, पहिले तीन आठवडे भेटायला यायचं नाही, कारण "तुमच्याशी असलेलं बाँडिंग जरा तुटायला पाहिजे, नाहीतर ती आमचं ऐकणार नाही". हे वाक्य मी तेव्हा मान डोलावून ऐकून घेतलं. आता टाईप करताना कसंतरी होतंय.

न्यायला गाडी आली, इको, मागे दोन पिंजरे. गाडीवाला दादा खाली उतरून आधी खारीच्या शेजारी उकिडवा बसला, हात पुढे धरला, तिला वास घेऊ दिला, मग म्हणाला "चल गं बाय". ती चढली. त्या ४२ हजारात कुत्र्याशी नीट वागलेला हा एकच माणूस मला भेटला, तर तो स्टार त्याचा.

मग रोज सकाळी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. तीस सेकंदांचा, मागे जोशवालं गाणं. खारी बसतेय, खारी झोपतेय, खारी सरांच्या पायाला चिकटून चालतेय. आम्ही सगळे खुश, सासूबाईंनी तर तो नवव्या दिवसाचा व्हिडिओ पूर्ण भजनी मंडळात फिरवला. मी स्टेटसला ठेवला. आणि तो स्टेटस बघून माझ्या मावसबहिणीचा, ताईचा, अमेरिकेतून फोन आला. "अगं, आवाज बंद करून बघ परत."

बघितला. काही कळलं नाही. तिने सांगितलं, कान बघ, मागे चिकटलेत. जीभ बघ, तीस सेकंदांत चार वेळा नाक चाटलं, खायला तर काही नाहीये समोर. जांभई दिली बघ, ही झोपेची नव्हे. शेपूट कुठाय? पोटाखाली. आणि तू एक गोष्ट नोटीस केलीस का, तो माणूस हात वर करतो तेव्हा ती बसत नाहीये, ती दबतेय.

आता ताईला हे कसं कळतं, तर इथून जरा लांबचं सांगावं लागेल, पण सांगते कारण माझं सगळं डोकं तिथूनच फिरलं. ताई मॅसॅच्युसेट्सला असते, आयटीत आहे, आणि ती शनिवार-रविवार बार्ली नावाचं एक पिल्लू सांभाळते जे सोमवार ते शुक्रवार जेलमध्ये राहतं. मला पण आधी वाटलं काहीतरी ऐकायला चुकलं. तर तिकडे अपंग लोकांसाठी, सैनिकांसाठी, अंधांसाठी जे मदतनीस कुत्रे तयार करतात त्यातले बरेच कैदी वाढवतात. पिल्लू आठ आठवड्यांचं असताना जेलमध्ये येतं, एका कैद्याच्या कोठडीत त्याच्या पलंगाशेजारी पिल्लाचा क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, असतो, आणि पुढचं दीडेक वर्ष ते पिल्लू हेच त्या माणसाचं काम. शू-शीला नेणं, खाऊ घालणं, ब्रश करणं, दिवा लावायला नि दार उघडायला शिकवणं, सगळं. संस्थेचा ट्रेनर आठवड्याला येऊन क्लास घेतो. शुक्रवारी ताई गेटवर जाऊन पिल्लू घेते, रविवारी परत सोडते.

सुरुवात १९८१ ची, वॉशिंग्टन राज्यातल्या बायकांच्या जेलमध्ये. सिस्टर पॉलीन क्विन म्हणून एक नन होत्या, त्या स्वतः लहानपणी घर सुटून संस्थांमधून, रस्त्यावर वाढलेल्या, आणि एका जर्मन शेफर्डने आपल्याला परत माणसात आणलं असं त्या सांगायच्या. त्यांनी आणि तिथल्या विद्यापीठातल्या लिओ बुस्टाड या पशुवैद्यांनी मिळून ते चालू केलं. मग १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये ग्लोरिया गिल्बर्ट स्टोगा या बाईंनी 'पपीज बिहाइंड बार्स' काढलं, तेही बेडफर्ड हिल्सच्या बायकांच्या जेलपासून. जपानमध्येसुद्धा शिमाने भागातल्या एका जेलमध्ये २००९ पासून अंधांसाठीच्या कुत्र्यांची पिल्लं कैदी वाढवतात, आठवडाभर जेलमध्ये आणि शनिवार-रविवार गावातल्या कुटुंबात, ताईचं जसं आहे अगदी तसंच.

मी म्हटलं, "ताई, कुत्र्याने काय गुन्हा केलाय गं? जेलमध्ये कशाला?" हे मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, खारी कर्जतला असताना. ताई म्हणाली, "बये, माझ्या बार्लीच्या शेजारी रात्री एक माणूस झोपतो. तुझ्या खारीच्या शेजारी कोण झोपतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी सरांना मेसेज टाकला, रात्री खारी कुठे असते, सोबत कोण असतं. ब्लू टिक आली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "शी इज व्हेरी हॅपी मॅडम" आणि अंगठा.

तीन आठवडे झाल्यावर मी भेटायला येते म्हटलं तर एकदा पाऊस होईल म्हणाले (मे महिना), एकदा सर दुबईला. मग मी गाडीवाल्या दादाला फोन लावला, नंबर होता माझ्याकडे. तो आधी काहीच बोलेना. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही या. सांगून नका येऊ."

एकतिसावा दिवस. मी आणि पोरगा सकाळची कर्जत लोकल पकडून, पुढे रिक्षाने. हिरवळ आहे, खोटं नाही बोलणार, व्हिडिओत दिसते तेवढीच आहे, साधारण बॅडमिंटन कोर्टाएवढी. स्विमिंग पूल आहे, पाणी नाही. आणि मागे एक पत्र्याची शेड, त्यात दोन्ही बाजूंनी पिंजरे, मी मोजले, १६. प्रत्येक पिंजरा आपल्या बाथरूमएवढा, चार बाय सहा असेल, खाली लादी, त्यावर काही नाही, गोणपाटसुद्धा नाही. दुपारचे साडेअकरा वाजलेले, पत्रा असा तापलेला की आत शिरल्यावर चष्मा गरम लागला मला. दोन पंखे, त्यातला एक बंद. आणि आवाज. एक भुंकला की सोळाही भुंकतात आणि तो पत्र्याला आपटून परत येतो, माझं पाच मिनिटांत डोकं धरलं, कुत्र्याचे कान तर आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. हे सगळं बघायला एक पोरगा, एकोणीस-वीसचा, बिचारा स्वतःच कुठल्यातरी गावाहून आलेला. तो म्हणाला सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं प्रत्येकाला बाहेर काढतो, सर आले तर ट्रेनिंग. सर आठवड्यातून तीनदा येतात. आले की सगळ्यांचे व्हिडिओ करून जातात.

मी मनात हिशोब केला. वीस मिनिटं बाहेर. उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटं पिंजरा. हे मी ४२ हजार देऊन घेतलं होतं.

खारी कोपऱ्यात होती. मला बघून उठली नाही. मी हाक मारली तर उठून आली आणि समोर बसली, एकदम परफेक्ट सिट, मान वर, नजर खाली. तो पोरगा कौतुकाने म्हणाला, "बघा, किती शिकली." माझ्या पोराने तिला जवळ घ्यायला हात वर केला आणि तिने तिथेच शू केली.

मी भांडले वगैरे नाही, खरं सांगते, रडायलाच आलं. तिला घेऊन गाडीवाल्या दादाच्याच इकोत बसून आलो. तोही वाटेत सांगत होता की मॅडम, गाडी फार्मच्या वळणाला लागली ना की दुसऱ्यांदा आलेली कुत्री पिंजऱ्यात मागे सरकतात, उतरत नाहीत, ओढून काढावी लागतात, मला नाय बघवत.

घरी वजन केलं, साडेसोळा. पट्ट्याखाली मानेला गोल केस गेलेले, आमच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की काटेरी पट्टा, म्हणजे तो लोखंडी असतो ना आतून दातवाला, आणि घट्ट. कानात गोचीड. रक्त तपासलं तर टिक फिव्हर. महिनाभर औषध. तो खर्च वेगळा, तो मी इथे लिहीत पण नाही.

पण वजन भरून येतं. मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या गोष्टीने. खारी भुंकायची बंद झाली होती. लिफ्टमध्ये माणूस आला, गप्प. डिलिव्हरीवाला आला, गप्प. सोसायटीतले लोक म्हणाले वा, पैसे वसूल. सेक्रेटरींनी तर नंबर मागितला त्यांच्या साडूसाठी! आणि मी बघत होते की ती शेपूट हलवायची पण बंद झाली होती, पोराच्या अंगावर यायची बंद झाली होती, दारात उभी राहून पाय टाकायला परवानगी मागायची, स्वतःच्या घरात. डॉक्टर म्हणाले शट डाऊन झालीये. मग त्यांनी १९६७ सालच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं, सेलिगमन आणि मायर म्हणून दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांनी कुत्र्यांना शॉक दिले, आणि ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी शॉक थांबत नाही असा अनुभव आला होता त्यातले बरेचसे नंतर उडी मारून सुटायची सोय असतानासुद्धा बसून राहिले. नुसते सहन करत. मला ते ऐकून आमची खारीच दिसली, परफेक्ट सिट करून बसलेली.

आता जेलवर परत येते, कारण त्या रात्री मी ताईला तासभर फोन लावून हेच विचारत होते की मग जेलमधलं कुत्रं खरंच बरं आहे का गं. आणि ताईचं मला हे आवडतं की ती कौतुक करत सुटत नाही. ती म्हणाली, तिथे एक गोष्ट आहे जी जगात कुठल्याच केनेलला परवडत नाही, ती म्हणजे माणसाचा वेळ. एका पिल्लाला एक अख्खा माणूस, चोवीस तास. शुक्रवारी बार्ली बाहेर येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक कागद येतो, हाताने लिहिलेला, की काल रात्री दोनला शू, डावा कान खाजवतोय, मंगळवारपासून जिना उतरताना घाबरत नाही, जेवण अर्धा कप कमी केलंय कारण पोट सुटलं. तो लिहिणारा माणूस कोण, त्याने काय केलंय, ताईला माहीत नाही, विचारायचंही नाही. माझ्या सरांना खारी शेवटची कधी जेवली हे सांगता आलं नव्हतं.

पण मग तिने दुसरी बाजू पण सांगितली, आणि ती बरीच लांब होती. पिल्लाचं जग ओळखायचं वय तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं, तेव्हा जे बघितलं ते आपलं, जे नाही बघितलं त्याची पुढे भीती. आणि हे आठव्या आठवड्याला जेलमध्ये जातं. तिथे लहान मूल नाही, सायकल नाही, मिक्सर नाही, दाराची बेल नाही, ट्रॅफिक नाही, सगळे मोठे लोक आणि सगळ्यांचे कपडे एका रंगाचे. बार्लीने पहिल्यांदा दीड वर्षाचं मूल बघितलं तर टेबलाखाली जाऊन बसला, त्याला वाटलं हा कुठला प्राणी. म्हणून तर शनिवार-रविवारची भानगड आहे, ताईचं काम म्हणजे त्याला मॉलला नेणं, गाडीत बसवणं, मुलांच्या पार्कात बाकावर बसून नुसतं बघू देणं. जिथे ही सोय नाही तिथलं पिल्लू बाहेर आलं की गोंधळतं. मग जेलचा आवाज, लोखंडी दारं, रात्रंदिवस माईकवरून सूचना, आणि पिल्लाला तर दिवसाला अठरा तास झोप लागते. कैद्यांची मोजणी चालू असेल किंवा लॉकडाऊन लागला असेल (म्हणजे सगळे कैदी कोठडीत बंद) तर शू लागली तरी दार उघडत नाही. टेक्साससारख्या ठिकाणी बऱ्याच जेलांमध्ये राहण्याच्या जागेला एसीच नाही, माणसं उष्म्याने आजारी पडतात तर केसाळ कुत्र्याचं काय. रात्री कुत्रं आजारी पडलं तर तो माणूस स्वतः डॉक्टरला फोन करू शकत नाही, आधी गार्डला हाक मारायची, त्याला पटलं पाहिजे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो कैदी. त्याची दुसऱ्या जेलला बदली झाली, किंवा काही शिक्षा लागली, की पिल्लाचा माणूस एका रात्रीत गायब. त्याला कोण समजावणार.

आणखी एक तिने सांगितलं ते मला फार लागलं. या कार्यक्रमांवर अभ्यास बरेच झालेत, पण बहुतेकांत मोजलंय ते कैद्याचं, त्याचा राग कमी झाला का, तो सुटल्यावर परत आत आला का. कुत्र्याचं काय झालं, तो झोपला किती, घाबरला किती, हे मोजणारे अभ्यास कमी. कुत्रा म्हणजे तिथे औषध असल्यासारखा. औषधाला कुणी विचारतं का तुला कसं वाटतंय.

तरी त्यात सगळं एकसारखं नसतं. काही जेलांमध्ये ही मदतनीस कुत्र्यांची पिल्लं नसतात, शेल्टरमधली, म्हणजे बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहातली, कुत्री असतात, ज्यांना कुणी घेत नाही आणि जी तिकडच्या पद्धतीने मारूनही टाकली गेली असती, ती काही आठवडे कैद्यांकडे राहतात, शहाणी होतात आणि घरी जातात. ओरेगॉनमध्ये १९९३ ला पोरांच्या सुधारगृहात हे सुरू झालं. तिथे कुत्र्यापुढे दुसरा पर्याय काय होता ते बघून मग बोलायचं, असं ताई म्हणते, आणि मला पटतं.

नवरा हे सगळं ऐकून म्हणाला, आपल्या आर्थर रोड जेलला चालू करूया की. त्याला म्हटलं, अरे हजारच्या आतच लोकांची जागा आहे ती आणि तीन-तीन हजार आत असतात, तिथे माणसाला कूस बदलायला जागा नाही, कुत्र्याचा क्रेट कुणाच्या डोक्यावर ठेवणार? कर्जतच्या शेडमध्ये निदान प्रत्येकाला चार बाय सहा होतं. हे मी बोलले आणि मग मलाच कसंतरी झालं.

तर एवढं सगळं लांबण लावून मी ताईला शेवटी एकच विचारलं, रविवारी तू बार्लीला परत सोडायला जातेस तेव्हा तो काय करतो? ती म्हणाली, ओढतो. गेट दिसलं की ओढतो, आत तो माणूस उभा असतो ना. शेपटीने अख्खी कंबर हलते त्याची. आणि माझ्या डोळ्यासमोर फार्मच्या वळणावर पिंजऱ्यात मागे सरकणारी कुत्री.

म्हणून आता कुणी मला विचारलं ना की बोर्ड अँड ट्रेन कसं असतं, तर मी डेमोबद्दल बोलतच नाही. मी विचारते, दुसऱ्या वेळेला गेला तेव्हा गेटवर काय केलं त्याने? रात्री बाजूला कोण झोपतं? चुकला तर नक्की काय करता, करून दाखवा. न सांगता येऊ का? या शेवटच्याला जो अं-अं करतो तिथून उठून यायचं, चहा पण प्यायचा नाही. सगळीच हॉस्टेलं अशी नसतील, मान्य, मी एकच बघितलं. पण बाकीची बघायची माझी हिंमत नाही आता.

पैशाचं विचाराल तर परत मिळाले नाहीत. मी फोन केला, सर म्हणाले कोर्स तुम्ही अर्धवट सोडला मॅडम, तरी तुमच्यासाठी म्हणून १५ दिवसांचा रिफ्रेशर फ्री देतो. फ्री! दिराला विचारलं केस करू का. त्याने १९६० चा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा काढून दाखवला, त्यातल्या ११ व्या कलमात कुत्र्याला कायम बांधून किंवा कोंडून ठेवून फिरवायला न नेणं हा चक्क गुन्हा लिहिलाय, पण तिथे शब्द मालक असा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. पन्नास. आमच्या नाक्यावर दोन वडापाव आणि एक कटिंग. दीर म्हणाला, ग्राहक मंचात जाऊ शकतेस, बिल आहे का? बिल नाही. जीपेचा स्क्रीनशॉट आहे. तो जपून ठेवलाय.

आता घरी येणारी ट्रेनर लावलीये, ठाण्याची मुलगी आहे, एका वेळचे दीड हजार, दहा वेळा यायचं. तिला चार स्टार. एक कापला कारण दर वेळी पाऊण तास उशीर, दर वेळी कारण घोडबंदरचं ट्रॅफिक. पहिल्या दोन वेळा तर ती नुसती हॉलमध्ये लादीवर बसून राहिली, मोबाईल पण नाही, खारीकडे बघणं पण नाही, आजूबाजूला उकडलेल्या चिकनचे तुकडे टाकून ठेवलेले. मला वाटलं हेही तीन हजार गेले. तिसऱ्या वेळी खारी स्वतःहून येऊन तिच्या मांडीला नाक लावून गेली. मग तिने शेजारच्या पोराची ती चौकोनी डिलिव्हरी बॅग मागून आणली आणि चार दिवस आमच्या हॉलमध्ये ठेवायला लावली, खारीचं जेवण बॅगेच्या बाजूला, मग बॅगेवर, मग बॅग पोराच्या पाठीला. तिला मी काटेरी पट्ट्याचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वागण्यावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्येच सरळ लिहून टाकलंय की शिकवायचं ते बक्षीस देऊनच, चावरा असला तरी. सासूबाई म्हणाल्या, आम्ही कुठे अमेरिकेला विचारून कुत्री पाळली, आमच्या देवरुखच्या मोत्याला कुणी पट्टा पण घातला नव्हता. तेही खरंच.

कुणाला वाटेल मग धाकच नको का कुत्र्याला. मला नाही वाटत. १९९३ च्या स्फोटांनंतर आपल्या मुंबई पोलिसांच्या झंजीर या कुत्र्याने तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स हुंगून काढलं होतं. एवढं काम भीतीने पोटाखाली शेपूट घातलेलं कुत्रं करेल का, तुम्हीच सांगा.

आठवं सेशन परवा झालं. खारी साडेअठरा किलो. मानेवरचे केस आलेत, जरा गडद आलेत. आणि गेल्या मंगळवारी लिफ्टचं दार उघडलं, समोर सातव्या मजल्यावरचे काका, आणि ही भुंकली. दोनदा, चांगली खणखणीत. काका दचकले, मी सॉरी म्हटलं आणि लिफ्टमध्ये एकटीच हसत खाली आले. सेक्रेटरींचा मेसेज आलाय, परत सुरू झालं का. त्यांना अजून उत्तर दिलं नाही.

गाडीवाल्या दादाने ते काम सोडलं, सध्या भिवंडीला टेम्पो चालवतो. अधूनमधून विचारतो खारी कशी आहे. फोटो पाठवते, तर म्हणतो फोटो नको मॅडम, शेपूट हलतेय तो व्हिडिओ पाठवा, गाण्याशिवाय.